बोअरला पाणी 'लागतं' म्हणजे नेमकं काय होतं?

बोअरची गाडी अंगणात उभी आहे. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. जमिनीतल्या भोकातून राखाडी फुफाटा उसळतोय, झाडांच्या पानांवर आणि खिडक्यांच्या गजांवर त्याचा थर बसलाय. दोनशे फूट झाले, अजून सगळं कोरडंच. गाडीवाला मशीन थांबवतो, हात पुसत घरमालकाजवळ येतो आणि विचारतो, "अजून शंभर मारू का?"

घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. 'आता एवढं केलंच आहे तर...' असं कुणीतरी पुटपुटतं, मान हलते आणि रॉडमागून रॉड खाली जाऊ लागतो. घर बांधतानाच्या सगळ्या निर्णयांत इतक्या कमी माहितीवर घेतलेला निर्णय दुसरा क्वचितच असेल. मला मनापासून वाटतं, की या प्रश्नाचं उत्तर गाडी येण्याआधीच आपल्याकडे तयार असावं. त्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. जमिनीखाली पाणी कसं साठतं, ते बोअरमध्ये कुठून शिरतं आणि बोअर झाल्यावर काय मोजायचं, एवढं कळलं तरी बरंच काम होतं.

जमिनीखालचं पाणी राहतं कुठे

जमिनीखाली तळी आहेत, नद्या वाहतात आणि आपला बोअर नेमका त्यावर पडला की पाणीच पाणी, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळवून भुयारं केलेली असतात, तिथे खरोखर असे प्रवाह सापडतात. बाकी बहुतेक ठिकाणी भूजल म्हणजे वाळूच्या कणांमधल्या सांदींत आणि खडकाच्या भेगांत अडकलेलं, अतिशय संथ सरकणारं पाणी.

कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली बादली घ्या आणि तीत पाणी ओता. बादली 'भरलेली' असूनही तिच्या पाव ते एक तृतीयांश आकारमानाइतकं पाणी सहज मुरतं. आता हाच प्रयोग चिकणमातीवर करा. चिकणमातीत पोकळी वाळूपेक्षाही जास्त असते, पण तिच्या सांदी इतक्या बारीक असतात की एकदा शिरलेलं पाणी ती सोडतच नाही. म्हणजे पाणी धरून ठेवणं आणि पाणी देणं हे दोन वेगळे गुण झाले. वाळूचा थर दोन्ही करतो, चिकणमाती पहिलं करते आणि दुसऱ्याला नकार देते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणारे अभियंता हेन्री दार्सी यांनी वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून हे मोजलं आणि १८५६ साली त्याचा नियम मांडला: पाणी किती वेगाने सरकेल, हे दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकावर आणि मधल्या थराच्या 'वाट देण्याच्या' गुणावर ठरतं. भूजलाची आजची बहुतेक गणितं त्याच नियमावर उभी आहेत.

बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात गोष्ट आणखी वेगळी होते. अखंड काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी जवळपास नसतंच. तिथे वरून खाली साधारण असा क्रम लागतो: माती, मग मुरूम, मग फुटका-तडकलेला खडक आणि त्याखाली अखंड पाषाण. पावसाचं पाणी मुरमात आणि फुटक्या खडकात साठतं, ती झाली टाकी. तिथून ते भेगांतून खाली आणि आडवं सरकतं, त्या झाल्या नळ्या. बोअरला पाणी 'लागतं' म्हणजे आपल्या साडेसहा इंची भोकाने अशी एखादी नळी कापलेली असते आणि ती नळी भरलेल्या टाकीला जोडलेली असते. या दोन्ही अटी जुळाव्या लागतात. भेग सापडली पण ती कुठल्याच साठ्याला जोडलेली नसेल, तर पहिल्या दिवशी जोरात पाणी येतं आणि पंधरा दिवसांत आटतं.

शेजाऱ्याच्या बोअरला भरपूर पाणी आणि आपला बोअर फेल, हे कोडंही यातूनच सुटतं. भेग दहा फुटांवरून निघून गेलेली असू शकते. उभ्या भेगेच्या बाबतीत तर उभा बोअर तिला समांतरच उतरतो आणि शेवटपर्यंत तिला भेटत नाही. शेजाऱ्याचं पाणी ही आशा ठेवायला चांगली जागा आहे, हमी मात्र नाही.

'अजून शंभर'चं उत्तर

खोल गेलं की जास्त पाणी, हा समज कठीण खडकाच्या भागात घरमालकाला सर्वांत महाग पडतो. जसजसं खाली जावं तसतसं वरच्या खडकाचं वजन वाढत जातं आणि भेगा दाबल्या जातात. नळ्याच मिटत चालल्या तर पाणी येणार कुठून? काही ठिकाणी खोलवर मोठी भेग लागते हे खरं, पण तशी शक्यता दर शंभर फुटांमागे सहसा कमी होत जाते. वाळू, वालुकाश्म आणि माती यांचे थर एकावर एक रचलेल्या प्रदेशात हिशोब वेगळा असतो. तिथे एका जलधारक थराखाली दुसरा असू शकतो, आणि आसपासच्या बोअरच्या नोंदींवरून तो किती खोल आहे याचा अंदाज करता येतो. म्हणून पहिला प्रश्न 'किती फूट?' असा नसावा. आपल्या पायाखाली कोणता खडक आहे, हे आधी विचारावं.

दुसरी माहिती गाडी स्वतःच पुरवत असते, आपण ती फुफाट्याबरोबर उडू देतो. बोअर चालू असताना भोकातून खडकाचा चुरा वर येतो. बहुतेक गाड्यांचे रॉड वीस फुटांच्या आसपास असतात. दर रॉडला मूठभर चुरा उचला, पाण्यात खळबळून धुवा, कागदावर ओतून त्यावर फूट लिहा आणि ओट्यावर एका ओळीत मांडत जा. दहा-बारा ढीग झाले की जमिनीचं पोटच समोर उलगडतं. वरचे ढीग तांबूस-पिवळे, हाताला मऊ: हा मुरूम. मग राखाडी तुकडे येऊ लागतात. त्यातल्या काही तुकड्यांच्या एकाच बाजूला गंजासारखा तपकिरी डाग दिसेल. तो तुकडा बोटांत धरून नीट पाहा. ती डागाळलेली बाजू म्हणजे भेगेची भिंत. तिथून कधीतरी पाणी वाहिलेलं आहे, त्यानेच खडकातलं लोह गंजवलं. शेवटचे पाच-सहा ढीग एकसारखे काळे-राखाडी, धारदार, ताज्या फुटलेल्या काचेसारखे चकचकीत आणि एकाही तुकड्यावर डाग नाही, असं असेल तर आपण अखंड पाषाणात आहोत आणि आसपास भेगेची चाहूल नाही.

चुऱ्याबरोबर कानही लावावा. हातोड्याचा एकसुरी आवाज मध्येच बदलतो, रॉड अचानक भराभर खाली सरकतो, कोरडा फुफाटा थांबून ओलसर गोळे पडू लागतात. ही भेगेची लक्षणं. प्रत्येक वेळी फूट लिहून ठेवा. पुढे पंप कुठे टांगायचा हे ठरवताना या नोंदी कामाला येतात.

तेव्हा माझं उत्तर असं: कमाल खोली आधीच, आसपासच्या नोंदी आणि जाणकाराचा सल्ला घेऊन ठरवा. त्या खोलीवर पोचल्यावर शेवटच्या काही रॉडचा चुरा अखंड, डाग नसलेला असेल तर थांबा. तिथे थांबणं म्हणजे हार मानणं नव्हे.

जागा कुठली

वाय आकाराची फांदी हातात धरून पाणी दाखवणारे पाणाडे जगभर आढळतात. त्यांच्यातल्या अनेकांना जमिनीचा उतार, झाडांचा हिरवेपणा, जुन्या विहिरींच्या जागा उत्तम वाचता येतात, आणि त्या अनुभवाचा मला आदर आहे. पण फांदी वळण्याचा आणि पाण्याचा संबंध नीट घेतलेल्या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. थोड्याफार खोलीवर पाणी जवळपास सगळीकडेच असतं, त्यामुळे दाखवलेल्या बऱ्याच जागी ते निघतं आणि श्रेय फांदीला जातं. ते किती निघेल, किती दिवस टिकेल आणि पिण्याजोगं असेल का, हे फांदी सांगत नाही.

विद्युत रोधकता चाचणीबद्दलही गैरसमज आहेत. त्यात जमिनीत चार सळ्या रोवतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज मोजतात. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलून जाते आणि खालच्या थरांचा अंदाज येतो. कोरडा अखंड खडक विजेला जास्त अडवतो, ओला फुटका खडक कमी. पण चिकणमातीही कमी अडवते आणि खारं पाणीही. यंत्र फक्त रोध मोजतं. त्याचा अर्थ लावायला त्या भागाचा खडक ओळखणारा माणूसच लागतो. तसा माणूस असेल तर ही चाचणी पैसे वाचवते. नुसता आकडा हातात ठेवून जाणारा असेल, तर तिचा उपयोग थोडाच.

सगळ्यांत मोलाची माहिती मात्र फुकट मिळते. गल्लीतल्या पाच-सहा बोअरवाल्यांना विचारा: किती फूट, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप) किती, पाणी कितीवर लागलं, आणि कडक उन्हाळ्यात काय होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. पावसाळ्यात घेतलेल्या बोअरचं कौतुक ऐकून कुणी निर्णय घेऊ नये.

प्लॉटच्या आत जागा ठरवताना संडासाची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांपासून किमान १५ मीटर, जमलं तर ३० मीटर अंतर ठेवा, आणि उतारावर त्यांच्या वरच्या बाजूला राहा. शेजाऱ्याची टाकी कुंपणापलीकडे कुठे आहे तेही बघा, जमिनीखाली कुंपण नसतं. गाडीचा उंच मनोरा उभा राहायचा असतो, त्यामुळे डोक्यावर विजेच्या तारा नकोत. अंगणाखालून गेलेल्या पाण्याच्या, गटाराच्या, विजेच्या लाइन आधी शोधून खुणा करून ठेवा. बऱ्याच ठिकाणी बोअरसाठी आधी परवानगी किंवा नोंदणी लागते, काही भागांत उपशावर बंदीच असते. हे काम गाडी ठरवण्याच्या आधीचं.

केसिंग: दिसत नाही, पण सगळं त्यावर

बोअर पाडण्याचं काम आता काही तासांत होतं. पॅरिसमधल्या ग्रेनेल इथला ५४८ मीटरचा बोअर सात वर्षांहून अधिक काळ चालला होता, १८४१ मध्ये त्याला पाणी लागलं आणि ते आपल्याच दाबाने जमिनीवर उसळलं. त्याआधी १८३५ मध्ये चीनमधल्या झिगोंग इथे मिठाच्या पाण्यासाठी बांबू आणि लोखंडी टोकाच्या आपटणीने १,००१ मीटर खोल भोक पाडलं गेलं होतं. आज कठीण खडकात रॉडच्या टोकाला हवेच्या दाबावर चालणारा हातोडा असतो. तो टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या बसवलेल्या बिटवर घाव घालतो, बिट फिरत फिरत खडक फोडतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. मऊ, वाळूच्या जमिनीत ही पद्धत चालत नाही, कारण भोक ढासळतं. तिथे बेंटोनाइट मातीचं घट्ट पाणी भोकात फिरवत ठेवतात, त्याच्या दाबाने भिंती उभ्या राहतात. मग जलधारक थराच्या समोर फटी असलेला पाइप बसवून भोवती बारीक, गोल खडी भरतात.

या वेगात सगळ्यांत जास्त घाई होते ती केसिंगच्या कामात. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून बोअरच्या वरच्या भागात पाइप घालतात, तो केसिंग. पाणी दोनशे फुटांवर आणि केसिंग फक्त चाळीस फूट, म्हणून घरमालक तिकडे फारसं लक्ष देत नाही. पण बोअर खराब होतात ते बहुधा याच चाळीस फुटांत.

पाइपच्या बाहेरची बाजू आणि भोकाची भिंत यांच्यात बोटभर पोकळी राहते. ती तशीच सोडली तर ती पोकळी म्हणजे अंगणातल्या पृष्ठभागावरून थेट भूजलापर्यंत उतरणारी पन्हळ होते. पावसाचं घाण पाणी, गटाराची गळती, जनावरांचं मलमूत्र, सगळं मुरमातून गाळलं न जाता सरळ खाली जातं. निसर्गाने वर दिलेली गाळणी आपण स्वतःच भोक पाडून निकामी केलेली असते. म्हणून केसिंग मुरमात अर्धवट टेकवून न ठेवता घट्ट खडकात काही फूट रुतवायचा. बाहेरची पोकळी सिमेंटच्या पातळ घोळाने किंवा बेंटोनाइटने खालून वर भरत आणायची. भोकातून निघालेला चुरा पोकळीत लोटून देतात, त्याने पाणी अडत नाही. जमिनीवर पाइप किमान फूटभर उंच ठेवायचा, भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा करायचा आणि तोंडावर घट्ट झाकण बसवायचं.

गाडीवाल्याशी दर ठरवताना केसिंग किती फूट, कुठल्या जाडीचा, आणि बाहेरच्या पोकळीचं सील कशाने भरणार, हे कागदावर लिहून घ्या. दर फुटाचा भाव घासाघीस करून कमी केला आणि त्याने केसिंगमध्ये वसूल केला, तर तोटा आपलाच.

किती पाणी लागलं, हे मोजल्याशिवाय ठरवू नका

'दीड इंची पाणी लागलं', 'दोन इंची लागलं' हे आपण नेहमी ऐकतो. हे इंच पाइपाचे नसतात. वर उसळणारं पाणी एका छोट्या पाटात वळवतात आणि त्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी काटकोनी खाच असलेला पत्रा बसवतात. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलं, ते इंच. या मोजणीतली गंमत अशी, की उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट होत नाही, ते साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर आणि तीन इंच म्हणजे जवळपास ८,००० लिटर. त्यामुळे 'एक ते दोन इंच' असं मोघम उत्तर घेऊ नका. पत्रा लावून, पट्टी धरून मोजायला सांगा.

हे मोजमापही कच्चंच असतं, कारण ते थोडा वेळच चालतं. खरं उत्तर पंप लावून घेतलेल्या चाचणीत मिळतं. साडेसहा इंची बोअरमध्ये प्रत्येक फुटामागे साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. २६० फुटांच्या बोअरमध्ये पातळी ६० फुटांवर असेल तर २०० फूट पाण्याचा स्तंभ आहे, म्हणजे सुमारे १,३०० लिटर आधीच भोकात साठलेलं आहे. पंप सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आपण हा साठाच उपसत असतो, आणि बोअर फार चांगला आहे असं वाटतं. खडक किती देतो ते त्यानंतर कळतं.

चाचणी अशी: उपसा सुरू करण्याआधी पाण्याची पातळी मोजा. मग एकाच वेगाने काही तास उपसा करत ठरावीक वेळाने पातळी मोजत राहा. ती आधी भराभर उतरते, मग हळूहळू. एका जागी येऊन थांबली, तर त्या वेगाने बोअर पाणी देतोय. उतरतच राहिली, तर वेग जास्त आहे, कमी करून पुन्हा बघा. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात मूळ जागी परतते, तेही लिहा. झटपट परतणारी पातळी भेगा भरल्या साठ्याला जोडलेल्या असल्याचं लक्षण.

कमी पाण्याने निराश होण्याआधी साधा हिशोब करा. पाच माणसांच्या घराला माणशी दीडशे लिटर धरलं तरी दिवसाला ७५० लिटर लागतं. तासाला ५०० लिटर देणारा बोअर आणि हजार-दोन हजार लिटरची टाकी असेल तर घर आरामात चालतं. कमी देणाऱ्या बोअरला फक्त हळूहळू देऊ द्यावं लागतं. कठीण खडकातल्या अगदीच मंद बोअरमध्ये जोरदार दाबाने पाणी घुसवून गाळाने बुजलेल्या भेगा मोकळ्या करायची पद्धतही आहे. ती प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, पण शेजारी दुसरा बोअर मारण्याआधी विचारून पाहण्यासारखी आहे.

पंपाची निवड याच आकड्यांवर व्हावी. उपशाच्या वेळची पातळी २०० फूट, त्यावर टाकी ३० फूट उंच आणि पाइपातल्या घर्षणाचे २० फूट धरले तर पंपाने पाणी २५० फूट चढवायचं आहे. तासाला १,८०० लिटर एवढं चढवायला एक ते दीड अश्वशक्ती पुरते. पण बोअर तासाला ५०० लिटरच देत असेल तर हाच पंप साठा उपसून कोरडा पडेल. बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की जळते. म्हणून कमी प्रवाहाचा पंप घ्या किंवा टायमर लावा, आणि पाणी संपलं की पंप बंद करणारं उपकरण बसवायला टाळाटाळ करू नका. पंप तळाला टेकवायचा नाही, तिथे गाळ असतो.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून

नव्या बोअरमध्ये गाडीचं तेल, माती, हाताळलेल्या पाइपांवरचे जंतू असं बरंच काही गेलेलं असतं. पाणी नितळ होईपर्यंत उपसून मग क्लोरीन सोडतात, ते रात्रभर राहू देतात आणि वास जाईपर्यंत पुन्हा उपसतात. त्यानंतरच तपासणीसाठी नमुना घ्यायचा.

तपासणी का, याचं सर्वांत दुःखद उदाहरण बांगलादेशाचं. तळ्यांच्या दूषित पाण्याने मुलं अतिसाराने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका बसवल्या गेल्या. पाणी नितळ होतं, चवीला चांगलं होतं. त्यात विषारी आर्सेनिक आहे हे १९९३ मध्ये उघड झालं, तोवर लाखो माणसं वर्षानुवर्षं ते पीत होती. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. ते कुणी ओतलेलं नव्हतं, गाळाच्या थरांतूनच पाण्यात उतरलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा: आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये मैल्यातून येणारा ई. कोलाय जंतू एकही नको. फ्लोराइड जास्त असेल तर आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं ताठरतात. नायट्रेट बहुधा खतांतून आणि मैल्यातून येतं, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकतं, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, ही विद्राव्य द्रव्यं जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. रसायनांची तपासणी सुरुवातीला एकदा सविस्तर करा, जंतूंची दरवर्षी करा, आणि तीही पाऊस पडून गेल्यावर, कारण केसिंगचं सील फुटकं असेल तर ते तेव्हाच कळतं.

एकाच थरातून सगळे पितात

उपसा सुरू झाला की बोअरभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खचते. हे नरसाळं वेळेनुसार पसरत जातं. शेजाऱ्याचा बोअर त्याच्या कक्षेत आला की त्याचंही पाणी खाली जातं, त्याचं नरसाळं आपल्यापर्यंत येतं, आणि दोघेही 'अजून शंभर' मारायला निघतात. त्यातून पाणी नवं निर्माण होत नाही, ते फक्त आणखी खोलून उचलावं लागतं. समुद्राजवळ तर धोका फारच मोठा. तिथे गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. वरची पातळी अर्धा मीटर उतरली की खारं पाणी कालांतराने वीस मीटर वर सरकू शकतं. एकदा खारावलेला बोअर पुन्हा गोडा व्हायला अनेक वर्षं लागू शकतात.

घेतलेलं थोडं तरी परत द्यायचं असेल तर छप्पर हा सोपा मार्ग. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. पहिल्या सरीचं धूळ-विष्ठेचं पाणी वेगळं काढायचं आणि उरलेलं वाळू-खडीच्या खड्ड्यातून मुरवायचं. गाळणीशिवाय ते थेट पिण्याच्या बोअरमध्ये सोडू नये.

दर महिन्याला एकदा, पहाटे पंप सुरू करण्याआधी, पातळी मोजून वहीत तारखेसह लिहावी. झाकणाला मोजणीसाठी छोटं भोक ठेवून त्यावर बूच बसवलं की हे दोन मिनिटांचं काम. दोन-तीन उन्हाळ्यांची नोंद हातात असली की बोअर थकतोय की पाऊस कमी झालाय, हे नेमकं सांगता येतं.

फेल गेलेला बोअर

जानेवारी २०१९ मध्ये स्पेनमधल्या तोतालान गावाजवळ दोन वर्षांचा एक मुलगा पाण्याच्या शोधात घेतलेल्या कोरड्या बोअरमध्ये पडला. भोक साधारण २५ सेंटीमीटर रुंद होतं. मोठ्या माणसाला त्यातून उतरणं अशक्य, म्हणून शेजारी समांतर विवर खणावं लागलं. तेरा दिवसांनी त्याचा मृतदेह हाती लागला. असे अपघात जगाच्या अनेक भागांत पुन्हा पुन्हा घडले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक भोकांवर झाकण तरी नव्हतं किंवा दगड, फळी, गोणपाट असं काहीतरी नुसतं ठेवलेलं होतं.

कोरडा बोअर पूर्ण बुजवायचा असतो. खालच्या भागात स्वच्छ खडी आणि वाळू, वरच्या भागात बेंटोनाइट किंवा सिमेंटचा घोळ, आणि सगळ्यांत वर माती दाबून जमिनीच्या पातळीपेक्षा थोडा उंचवटा, कारण भराव पुढे खचतो. सिमेंटचा भाग वगळू नका. नुसती खडी भरली तर मूल पडणार नाही, पण घाण पाण्याची पन्हळ तशीच राहील. चालू बोअरसाठीसुद्धा, गाडी गेल्यापासून पंप येईपर्यंतच्या दिवसांत, लोखंडी झाकण बोल्टने आवळून ठेवायचं. बुजवण्याचं सामान गाडी बोलावतानाच आणून ठेवा आणि बोअर कोरडा निघाला तर गाडी हलण्याआधीच काम उरका. तोवर एका माणसाने त्या भोकाजवळ बसून राहायचं.